शेवटी बोलणाऱ्याची जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीनं पत्त्यांवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. त्यात आमच्या घरात जुगार हराम. वडिलांनी पत्त्यांचा कॅट घरात येऊ दिला तो पाच-तीन-दोन आणि बदाम सातपुरता. मधे पैसा दिसला की कॅट चुलीत, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. पैसे लावून मी आजवर एक डावही खेळलेलो नाही. पण खेळणाऱ्यांच्या मागे उभं राहून पाहण्यात माझ्या आयुष्याचे बरेच तास गेले आहेत, आणि मागे उभ्या असलेल्याला कधीकधी बसलेल्यापेक्षा जास्त दिसतं.

याला कारण आमचा वारंगा फाटा. नांदेडकडून आलेला रस्ता इथं फुटतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. गाडीची वाट पाहणं हा इथला जुना उद्योग. वाट पाहणारा माणूस चहा घेतो, गरम खिचडी खातो, शिळा पेपर वाचतो, आणि चार जण जमले की कुणीतरी खिशातून कॅट काढतो. अलीकडे खिशातून कॅट निघत नाही, फोन निघतो. चौघं शेजारी शेजारी बसलेले, आणि प्रत्येकजण कुठल्या तरी अनोळखी माणसाबरोबर खेळतोय.

तीन-चार वर्षांपूर्वी अशाच एका मुलानं मला विचारलं, ‘चाचा, तुम्ही शब्दांवाले. बटणाला मराठीत काय म्हणायचं?’ मला वाटलं शर्टाचं. त्यानं फोन पुढं केला. हिरव्या रंगाचं अंडाकृती टेबल, भोवती खेळणारे, आणि एकाच्या समोर पांढरी चकती. तो म्हणाला, ‘ही चकती ज्याच्यासमोर, तो राजा.’ खेळ होता पोकर. त्या चकतीनं माझ्या डोक्यात घर केलं. मग मिळेल ते वाचलं, जाणकारांना विचारलं, कागदावर आकडेमोड केली. आजचं बोलणं त्या चकतीबद्दल आहे.

आधी खेळ थोडक्यात. आज जगात सर्वांत जास्त खेळला जाणारा पोकर म्हणजे टेक्सास होल्डेम. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं रॉब्सटाउन हे गाव त्याचं जन्मस्थान, असा ठराव त्या राज्याच्या विधिमंडळानं २००७ मध्ये केला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात. मग टेबलाच्या मध्यावर पाच पानं उघडी पडतात, आधी एकदम तीन, मग एक, मग शेवटचं एक. ही पाच सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पानं सर्वांत भारी जमतील, तो जिंकतो. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार: दोन पानं हातात आल्यावर पहिली, मधे तीन पडल्यावर दुसरी, चौथ्या पानावर तिसरी, पाचव्यावर चौथी. प्रत्येक फेरीत आपली पाळी आली की पानं टाकून द्या, समोरच्याएवढे पैसे भरा, नाहीतर वाढवा. आपल्याआधी कुणी काही लावलंच नसेल, तर काही न लावता पाळी पुढं सरकवता येते. त्याला चेक म्हणतात.

आता बटण. पूर्वी घरगुती खेळात पानं वाटणारा फिरता असायचा, आज मी, उद्या तू. वाटणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी बोलायचं अशी रीत. क्लबात आणि कॅसिनोत पानं वाटायला पगारी माणूस आला. पण वाटणाऱ्याच्या जागेचा फायदा एकालाच कायम मिळू नये म्हणून त्याची खूण फिरती ठेवली. ती खूण म्हणजे बटण. दर डावाला ती एक घर डावीकडे सरकते. अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी खूण म्हणून सुरी ठेवत, तिची मूठ हरणाच्या शिंगाची, म्हणून तिला ‘बक’ म्हणत, असं सांगतात. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याला इंग्रजीत बक सरकवणं म्हणतात ते त्यावरूनच आलं म्हणे. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर, बक इथं थांबतो, अशा अर्थाची पाटी होती. ट्रुमनसाहेब पोकरचे शौकीन होते, तेव्हा त्यांना मूळ अर्थही ठाऊक असणार.

बटणाच्या डावीकडच्या दोघांना पानं बघण्याआधीच पैसे टाकावे लागतात. पहिल्यानं निम्मे, दुसऱ्यानं पूर्ण. यांना लहान ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड म्हणतात. हे पैसे नसते तर कुणी खेळलाच नसता, सगळे एक्क्यांच्या जोडीची वाट बघत बसले असते. पहिल्या फेरीत ब्लाइंडवाले दोघं शेवटी बोलतात, बटणवाला त्यांच्या आधी. पण मधे तीन पानं पडली की उरलेल्या तिन्ही फेऱ्यांत बटणवाला शेवटचा. चारपैकी तीन फेऱ्या तो सगळ्यांचं ऐकून मग तोंड उघडतो.

याची गंमत मला मुशायऱ्यावरून कळते. जुन्या मुशायऱ्यात शमा फिरायची. जळती मेणबत्ती ज्या शायरासमोर ठेवली, त्याची वाचायची पाळी. शमा सगळ्यांत शेवटी पोचायची ती बुजुर्गाकडे. आपण त्याला मान म्हणतो, आणि तो मान आहेच. पण मी मंचावर बसून पाहिलंय, त्या मानात मोठी सोयही आहे. पहिला बिचारा अंधारात वाचतो. श्रोते कोण, मूड काय, दाद कशाला मिळणार, काही माहीत नाही. शेवटच्यानं सगळं पाहिलेलं असतं. प्रेमाच्या शेरांवर लोक जांभया देतायत, शेतीच्या दुःखावर मान हलतेय, हे बघून तो वहीचं पान बदलतो. त्याची गझल तीच, पण निवड नेमकी. आमच्या भागात याला एकच धोका: शेवटच्याची पाळी येईपर्यंत शेवटची बस निघून जाते आणि श्रोतेही तिच्याबरोबर.

पोकरमध्ये बटणवाल्याची निवड अशीच बदलते. नऊ जण बसले असतील तर सगळ्यांत आधी बोलणाऱ्यानं फार सोवळं राहावं लागतं. त्याच्यामागे आठ जण अजून बोलायचे आहेत, त्यांतल्या कुणाकडे काय आहे देव जाणे. जाणकार खेळाडू या जागेवरून शंभरातले दहा-पंधराच डाव खेळतो, बाकी सरळ टाकतो. तोच माणूस बटणावर बसला आणि आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली असतील, तर शंभरातले चाळीस-पंचेचाळीस डाव खेळतो. समजा, हातात एक रंगाचा एक्का आणि दुसऱ्या रंगाची नव्वी आहे. पहिल्या जागेवर ही पानं बघून टाकायची. कारण दुसऱ्या कुणाकडे एक्का-राजा किंवा एक्का-राणी असेल आणि मधे एक्का पडला, तर आपली जोडी जमूनही आपण हरणार, आणि हरताना जास्त पैसे घालणार. बटणावर हीच पानं चांगली, कारण मागे फक्त दोघं उरलेत.

इस्पिकची अठ्ठी आणि इस्पिकची नव्वी घ्या. ही जोडी दिसते गरीब, पण ओळीनं आहे, एका रंगाची आहे. मधे जमली तर मोठी होते, नाही जमली तर दमडीची नाही. अशा पानांना गरज असते ती कमी पैशात पुढचं पान बघायला मिळण्याची. ती सोय शेवटच्या जागेवरच. लहान जोड्यांचंही तेच. हातात पंजीची जोडी असेल तर पहिल्या तीन पानांत तिसरी पंजी यायची शक्यता साधारण साडेआठांत एक वेळा. एवढी वाट पाहायची तर फुकटात किंवा स्वस्तात पाहावी.

आता थोडं गणित. घाबरू नका, किराणा दुकानातलं आहे. लहान ब्लाइंड पाच रुपये, मोठा दहा. मधे पंधरा रुपये पडलेत. सगळ्यांनी पानं टाकली आणि पाळी बटणावर आली. बटणवाल्यानं पंचवीस रुपये लावले. दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली तर याला पंधरा मिळाले, न दाखवता, न भांडता. आठ वेळा असं केलं आणि त्यांतल्या पाच वेळा दोघंही पळाले, तर पाच गुणिले पंधरा, पंचाहत्तर मिळाले. उरलेल्या तीन वेळा पंचवीस-पंचवीस गेले असं धरलं तरी पंचाहत्तरच गेले. हिशोब बरोबरीत. म्हणजे हातात दुर्री-सत्ती असली तरी आठातून पाचपेक्षा जास्त वेळा दोघं पळत असतील तर धंदा नफ्याचा. प्रत्यक्षात तीन वेळा जे थांबले, त्यांच्याविरुद्धही सगळे पैसे जात नाहीत, कारण पुढची पानं पडायची आहेत आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांत शेवटी बोलणारा हाच आहे. म्हणून पाचाहून कमी वेळा पळाले तरी भागतं. पोकरवाले याला ब्लाइंड चोरणं म्हणतात. शब्द वाईट आहे, पण प्रामाणिक आहे.

ही चोरी सगळ्यांकडे चालत नाही. काही लोक पानं टाकतच नाहीत. ब्लाइंडचे दहा रुपये गेले म्हणजे शेताचा बांध गेला, असं त्यांना वाटतं. काहीही हातात असो, भरतातच. अशा माणसापुढं बहाणा करणं म्हणजे बहिऱ्यापुढं गझल. तिथं चांगली पानं घेऊनच जावं आणि चांगले पैसे लावावेत. उलट एखादा ब्लाइंडवाला दर वेळी आपल्यावर चढून दुप्पट-तिप्पट लावत असेल, तर त्यानं आपली चोरी ओळखली आहे. त्याच्यासमोर चाळीस डावांवरून पंचविसावर यावं. म्हणून बसतानाच बघून बसतात. जो फार आक्रमक, तो आपल्या उजव्या हाताला असावा, म्हणजे बहुतेक वेळा तो आधी बोलेल आणि आपण नंतर. नवशिके खुर्ची मऊ आहे का बघतात.

मधे तीन पानं पडल्यावर बटणाची खरी कमाई सुरू होते. एक साधं सत्य लक्षात ठेवा. हातात दोन वेगळी पानं असतील तर पहिल्या तीन पानांत त्यांतल्या एकाचीही जोडी जमत नाही, असं तीनातून जवळजवळ दोन वेळा घडतं. म्हणजे समोरचाही बहुतेक वेळा कोराच असतो. तो आधी बोलतो. त्यानं चेक केलं, म्हणजे पैसे लावायची त्याची हिंमत झाली नाही. आपल्याकडेही काही नाही, पण हे फक्त आपल्याला माहीत आहे. आपण पैसे लावतो, तो उठतो. इथं पानांची लढाई झालीच नाही, फक्त कोण आधी बोललं एवढंच झालं.

दुसरी सोय फुकट पानाची. समजा आपल्या हातात दोन बदाम, मधे दोन बदाम. आणखी एक आला तर पाच बदाम होऊन आपण भारी. न दिसलेली पानं सत्तेचाळीस, त्यांतले बदाम नऊ. पुढचंच पान बदाम असण्याची शक्यता पाचात एक, त्याहून किंचित कमीच. समोरच्यानं चेक केलं तर आपणही चेक करून ते पान पैसा न देता बघू शकतो. पहिल्या जागेवरच्याला ही खात्री कधीच नसते. तो चेक करतो, मागचा पैसे लावतो, आणि फुकटचं पान महाग होतं.

तिसरी सोय मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते, आणि नवी पोरं तीच वापरत नाहीत. पानं मध्यम असतील तर डाव लहान ठेवता येतो. मधे राजा, नव्वी, तिर्री पडलेत, आपल्याकडे नव्वीची जोडी. चांगली आहे, पण फार पैसे घालण्याजोगी नाही. शेवटी बोलणारा एक फेरी चेक करून संपवू शकतो. फेरी त्याच्यापाशी बंद होते, त्याच्यामागे कुणी नाही. बटणावर बसलं की दर वेळी हल्ला केलाच पाहिजे, असं मोबाइलवर शिकलेल्यांना वाटतं. कुलूप हातात आलं म्हणून दार सारखं उघडबंद करायचं नसतं.

जागेचं वजन किती, याचा सर्वांत धक्कादायक दाखला नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाड या मुलीचा. २००७ मध्ये तिनं ऑनलाइन एक १८० जणांची छोटी स्पर्धा आपली पानं न बघता जिंकली. पडद्यावर जिथं पानं दिसतात तिथं तिनं झाकण लावलं होतं, आणि सबंध स्पर्धेत फक्त एकदा बघितलं, असं ती सांगते. ती खेळली ती जागेवर आणि समोरच्यांच्या वागण्यावर. त्याच वर्षी लंडनमधली युरोपची मोठी स्पर्धा तिनं जिंकली, एकोणीस वर्षं पुरी व्हायच्या आधी, दहा लाख पौंडांची. पण यातून पानं बघायची गरज नाही असा अर्थ कुणी काढू नये. १८० जणांत समोरचे काय करतायत हे बघत बसणारी बहुधा ती एकटीच होती.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. पाच-तीन-दोन आठवा. तिघं खेळतात. हुकूम बोलणाऱ्यानं पाच हात करायचे, वाटणाऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन. कुणाला काय पानं येतात हे नशिबावर, पण कुणावर किती ओझं हे जागेवर ठरलेलं. आणि डाव फिरतो तशी ओझी फिरतात. जजमेंटमध्ये आपण किती हात करणार ते आधी बोलायचं. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांचे आकडे ऐकायला मिळतात. मग बऱ्याच घरांत नियम असतो: शेवटच्यानं असा आकडा बोलायचा नाही की सगळ्यांची बेरीज एकूण हातांएवढी होईल. म्हणजे कुणीतरी एकजण फसलाच पाहिजे. ज्यांनी हा नियम बसवला, त्यांनी शेवटच्या जागेचा फायदा ओळखून त्यावर करच बसवला की! आमच्या दादीला अक्षरओळख नव्हती, पण जजमेंटमध्ये ती वाटायला आली की आम्ही पोरं गप्प व्हायचो.

तीन पत्तीत मात्र बटणाचा फारसा उपयोग नाही, आणि का नाही हे समजलं की बटण काय आहे ते पक्कं समजतं. तीन पत्तीत तीनच पानं, ती एकदाच मिळतात, मधे नवं काही उघडत नाही. चाल गोल-गोल फिरत राहते, फेरी कुणापाशी बंद होत नाही. तिथं शेवटचा असा कुणी नसतोच. तुम्ही बोललात की डावीकडचा तुमच्यानंतर बोलणार, आणि पुन्हा फिरून तुमच्यावर येणार. जिथं माहिती टप्प्याटप्प्यानं उघडते आणि प्रत्येक टप्पा कुणापाशी तरी संपतो, तिथंच शेवटच्या जागेला किंमत.

सर्वोच्च न्यायालयाला रमी आणि तीन पत्तीतला फरक फार पूर्वी दिसला होता. सिकंदराबादच्या एका क्लबावर पोलिसांनी धाड घातली होती. १९६८ चा म्हणून ओळखला जाणारा तो निकाल असा की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं, कोणतं टाकायचं याला डोकं लागतं, म्हणून तो प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ. आणि तीन पत्त्यांचा फ्लश निव्वळ नशिबाचा. पोकर कुठं बसवायचा यावर मात्र न्यायालयांचं एकमत झालं नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटलं. महाराष्ट्रात तर १९७६ साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला, तो एक दिवसही अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यानं वेगळी वाट धरली, मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला तेव्हा हा कौशल्य की नशीब वादच बाजूला सारला. फोनवर पैसे लावून खेळवायचं नाही, डोक्याचा खेळ असो की दैवाचा. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात पैशांचे डाव बंद केले.

माझं मत विचाराल तर पोकरमध्ये कौशल्य आहे, शंका नाही. एवढा वेळ मी तेच तर सांगतोय. पण न्यायालयात विचारला जाणारा प्रश्न आणि घरात विचारायचा प्रश्न वेगळे. घरातला प्रश्न असा, की पैसे जातात कुठं? समजा सहा जण हजार-हजार घेऊन बसले. टेबलावर सहा हजार. दर डावात सरासरी शंभर रुपये मधे पडतात आणि खेळवणारा त्यातले पाच काढून घेतो. ऑनलाइन तासाला साठ डाव सहज होतात. म्हणजे तासाला तीनशे. बाहेरून कुणी नवे पैसे आणले नाहीत तर वीस तासांत सहाचे सहा हजार खेळवणाऱ्याकडे. सहाही जण बटणाचे पंडित असले तरी. पाचजण कच्चे असतील तर सहाव्याला काही उरेल. आणि प्रत्येकाला वाटतं, तो सहावा मीच.

त्या मुलाला मी एकच काम सांगितलं होतं. दर डावाला कुठं बसला होतास आणि काय झालं, ते वहीत लिही. बटणाचा रकाना वेगळा, ब्लाइंडचे वेगळे. पोरगा मेहनती, महिनाभर लिहिलं. बटणाच्या रकान्यात खरंच नफा होता. ब्लाइंडच्या दोन रकान्यांत तोटा. यात त्याचं काही चुकलं नव्हतं. जगातले उत्तम खेळाडूही ब्लाइंडवर एकूण तोट्यातच असतात, पानं न बघता आधी पैसे टाकायचे आणि मग मधे तीन पानं पडल्यावरच्या सगळ्या फेऱ्यांत सगळ्यांच्या आधी बोलायचं, यात नफा कसा होणार? त्यांचं कौशल्य तोटा कमी ठेवण्यात. सहा जणांच्या टेबलावर बटण सहात एकदाच येतं, ब्लाइंड दोनदा. शेवटची ओळ मारून बेरीज केली तर त्या महिन्यात तो उणे होता, आणि ते उणे खेळवणाऱ्याच्या कापलेल्या पैशाहून थोडं कमीच होतं. म्हणजे समोरच्यांपेक्षा तो थोडा बरा खेळत होता आणि तरी हरत होता. ती वही पाहून तो बराच वेळ बोलला नाही. सोयाबीनची पट्टी फोनमध्ये गेलेली घरंही मी आमच्या भागात पाहिली आहेत. त्या घरांत वही नव्हती.

आता जाता जाता एक गोष्ट, जी मला या वाचनातून वेगळीच मिळाली. बटणाची किंमत समोर किती पैसे आहेत त्यावर ठरते. समोर मोठ्या ब्लाइंडच्या शंभर-दोनशे पट रक्कम असेल तर शेवटच्या जागेचा चारही फेऱ्यांत उपयोग होतो. दहाच पट उरली असेल तर काय? पहिल्या फेरीतच सगळं लावा नाहीतर टाका. पुढच्या फेऱ्यांत लावायला काही उरतच नाही, मग शेवटी बोलून करायचं काय. जागा राजाची, गाठीला काही नाही.

हे वाचलं आणि मला हळदीचा बाजार दिसला. आमच्या जिल्ह्यात हिंगोली आणि वसमत इथं हळदीचे मोठे बाजार भरतात. ढीग लागतात, व्यापारी ढिगामागून ढीग फिरत बोली लावतात, हळकुंड मोडून बघतात, बोली वाढते, थांबते. आणि मग, नियमानं पाहिलं तर, शेवटचा शब्द शेतकऱ्याचा असतो. भाव पटला नाही तर माल द्यायचा नाही, हा त्याचा हक्क आहे. म्हणजे लिलावाचं बटण त्याच्यापुढं ठेवलेलं आहे. सगळ्यांचं ऐकून तो शेवटी बोलतो. पण टेम्पोचं भाडं देऊन माल आणलेला, हळद शिजवणाऱ्या-वाळवणाऱ्यांची मजुरी बाकी, दुकानदाराची खताची उधारी, पोरीच्या कॉलेजची फी. माल परत न्यायचा तर पुन्हा भाडं. तो मान हलवतो आणि देतो.

त्याला त्या जागेचा उपयोग करून घ्यायचा असेल तर एक व्यवस्था कागदावर बरीच जुनी आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी मिळतं, आणि भाव आला की विकून फेडायचं. हळद त्या यादीत आहे. ज्या समित्या ती मनापासून राबवतात, तिथं भाव पडलेल्या आठवड्यात शेतकरी ढिगापाशी उभा राहून नाही म्हणू शकतो. ज्या राबवत नाहीत तिथं चौकशी करायला गेलेल्याला ‘साहेब जेवायला गेलेत’ असं उत्तर मिळतं. यंदा हळद काढणारांनी ती आधी विकायला नेऊ नये. आधी सातबारा आणि आधार घेऊन समितीत जावं आणि गोदामात जागा आहे का ते विचारावं, साहेब जेवून येईपर्यंत बाकावर बसायची तयारी ठेवून.